काठाशीच फाटणारं कापड

मधोमध धरून फाडायला गेलं तर हाताला जोर लागत होता. काठापासून चार बोटांपर्यंत मात्र तेच शर्टिंग टर्रकन फाटायचं. शंभर टक्के सुती कापड, सुरकुत्या पडू नयेत म्हणून डीएमडीएचईयू रेझिन दिलेलं. आमच्या प्रयोगशाळेत तक्रार आली ती ‘सूतच कच्चं’ अशी. पण मग मधला भाग कसा टिकला? शिवाय काठावर हलकी पिवळी झाक होती.

कृती तपासली. लिटरला 60 ग्रॅम रेझिन, उत्प्रेरक म्हणून 15 ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड आणि वर 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल. पॅडरवर, म्हणजे द्रावणात बुडवून पिळणाऱ्या रुळांवर, कापडाच्या वजनाच्या 75 टक्के द्रावण घेतलेलं, 130 अंशांवर वाळवण, 165 अंशांवर तीन मिनिटं क्युरिंग, म्हणजे रेझिन पक्कं बांधण्यासाठी तापवणं. सायट्रिक आम्लाची जोड देतात ती कमी तापमानात क्युरिंग व्हावं म्हणून. इथे जोड दिली, पण तापमान उतरवलंच नाही. ओलसर मॅग्नेशियम क्लोराइड तापलं की स्वतःच्याच पाण्याशी फुटून हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं. रेझिन बांधायला आम्ल लागतंच, पण तेच आम्ल सेल्युलोजच्या, म्हणजे कापूस ज्याचा बनतो त्या लांब साखळ्यांच्या, ग्लुकोजच्या कड्यांमधले दुवेही तोडतं.

सुती कापडाला रेझिन दिलं की ताकद थोडी घटणारच, कारण रेझिन साखळ्यांना एकमेकींशी जोडतं आणि या आडव्या बंधांमुळे साखळ्या सरकू शकत नाहीत आणि ताण वाटला जात नाही. ही घट बंध काढले की बरीचशी भरून येते. साखळी तुटली असेल तर येत नाही. सगळा निकाल या एका फरकावर होता.

म्हणून दोन्ही भागांचे नमुने युरिया आणि फॉस्फोरिक आम्लाच्या 80 अंशांच्या द्रावणात ठेवून रेझिन उतरवलं. हे द्रावणही आम्लधर्मीच, त्यामुळे रेझिन न दिलेला तुकडा सोबत घालायलाच हवा. नाहीतर चाचणीनेच केलेलं नुकसान कापडाच्या नावावर जमा होतं. रेझिनमध्ये नायट्रोजन असतो, तो मोजून रेझिन गेल्याची खात्री केली आणि मग फाड-चाचणी घेतली. मधल्या भागाची ताकद बरीच परतली, काठाची जवळपास जिथल्या तिथे राहिली.

साखळीच्या टोकांशी क्रिया होऊन लाल होणाऱ्या फेहलिंगच्या तांब्याच्या द्रावणात काठाचा नमुना लाल झाला, म्हणजे तुटलेली टोकं उघडी पडली होती. ही चाचणी रेझिन असताना करू नये, त्यातलं फॉर्मल्डिहाइड फसवं उत्तर देतं. ब्लीचिंगमध्ये जळालेलं कापड मिथिलीन ब्ल्यू हा रंग सहसा जास्त धरतं. काठाने तो जास्त धरला नाही, त्यामुळे ब्लीचिंगमध्ये कापड जळाल्याची शंका मिटली. सेल्युलोज विरघळवणाऱ्या क्युप्रिइथिलीनडायअमाइनमध्ये विरघळवल्यावर काठाच्या द्रावणाची चिकटता स्पष्टपणे कमी भरली, म्हणजे साखळ्या आखूड झाल्या होत्या. तुटायला लागतं तरी किती? 2000 कड्यांच्या साखळीत एकच दुवा तुटला, म्हणजे दोन हजारांतला एक, तरी सरासरी लांबी निम्मी होते. वजनात मात्र काहीच फरक दिसत नाही. वजन करून हे नुकसान सापडेल अशी आशा धरणाऱ्यांना मी हेच सांगतो.

मग काठच का? 130 अंशांवर काठ मधल्या भागाआधी सुकत होते. पाणी तिकडे ओढलं जातं आणि सोबत न बांधलेलं मीठ, म्हणजे मॅग्नेशियम क्लोराइडही जातं. काठाच्या पाण्याच्या अर्काचा पीएच मधल्यापेक्षा स्पष्टपणे खाली होता. मीठ तिथे साचलं आणि क्युरिंगमध्ये त्याच पट्ट्यात आम्ल तीव्र झालं. ॲल्युमिनियम क्लोराइड वापरलं असतं तर आणखी वाईट झालं असतं: पाण्यात त्याच्या आयनाचा पीकेए (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) 5 च्या आसपास, तर मॅग्नेशियमचा 11 च्या वर.

सायट्रिक आम्ल काढायला सांगितलं. वाळवण 100 ते 110 अंशांवर, कापडात 8 ते 10 टक्के ओल राखून. क्युरिंग 150 अंशांवर तीन मिनिटं, आणि हे तापमान कापडाचं, क्युरिंगच्या कप्प्यातल्या हवेचं नव्हे. दोन्ही काठांवर आणि मध्ये स्वतंत्र मोजायचं. लाइन थांबली तर कप्प्यात अडकलेलं कापड बाजूला काढायचं. शेवटी सोडा ॲशच्या सौम्य द्रावणात धुलाई, कारण उरलेलं आम्ल गोदामातही दुवे तोडत राहतं.

आधीच्या मालाचीही अशीच धुलाई केली. त्याने पुढचं नुकसान थांबलं. काठाच्या पट्ट्या मात्र कापूनच काढाव्या लागल्या.