सांत आनाला जायचंय? नुसतं 'तळावली' सांगू नका

गोव्यात तळावली दोन आहेत. एक तिसवाडी तालुक्यातली, जिथं सांत आनाचं (सेंट अ‍ॅनचं) चर्च आहे, आणि दुसरी फोंड्याकडची, दुर्भाटजवळची. मला नेणाऱ्या पणजीच्या टॅक्सीवाल्याला हे पक्कं ठाऊक होतं. तरी गडी बाणस्तारीचा पूल ओलांडून थेट दुर्भाटला! तिथं "चर्च हांगा ना, फाटीं वचपाक जाय" (चर्च इथं नाही, मागं जावं लागेल) म्हणत परतीचे वेगळे नऊशे मागितले. भर जुलैचा पाऊस, दुसरी गाडी कुठून आणणार? दिले. तेव्हा बसण्याआधीच 'सांत आना, गोवा वेल्हाजवळचं' असं सांगा आणि भाडं ठरवा. त्याहून बरं म्हणजे पणजी-मडगाव बसनं गोवा वेल्ह्याला उतरून पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, करा. टॅक्सीच्या नादी लागूच नका.

चर्चला तिकीट नाही, पण दार मिसेपुरतंच (चर्चमधल्या प्रार्थनेपुरतंच) उघडं असेल असं धरून चाला. मी पोहोचलो तेव्हा कुलूप होतं. चिंब भिजून ओट्यावर बसलो आणि दर्शनी भाग बघत राहिलो. तेवढ्यानंही पैसे वसूल झाले, अगदी ते नऊशेसुद्धा. पाच मजले एकावर एक चढत गेलेले, दोन्ही बाजूंना मनोरे. 1681 साली काम सुरू झालं, 1695 साली संपलं. बरोक शैली युरोपची, पण दगड आपला जांभा, वर चुन्याचा गिलावा. पावसाळ्यात या गिलाव्याची काय दशा होते ते डोळ्यांनी बघा, म्हणजे डागडुजी का संपत नाही ते कळेल.

आत शिरता आलं तर कोनाड्यांवरचे शिंपले चुकवू नका. भिंती पोकळ आहेत, कुणाच्या नजरेस न पडता कबुलीजबाबाला जाता यावं म्हणून आतून वाट ठेवली होती, असं सांगतात. जुन्या गोव्याच्या चर्चेसना 1986 साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्या यादीत हे नाही. माझ्या मते त्यातल्या निम्म्यांपेक्षा हे सरस आहे.

26 जुलै हा सांत आनाचा दिवस. फेस्त, म्हणजे चर्चचा सण, त्याच सुमारास, त्याला तवशांचं फेस्त म्हणतात. मूल व्हावं म्हणून जोडपी तवसं (काकडी) वाहतात, लग्न जमावं म्हणून कुणी उडीद, कुणी चमचा. फेस्ताला जायचं तर सकाळी लवकर जा, छत्रीपेक्षा रेनकोट घ्या, गुडघे झाकतील असे कपडे घाला. वास्तू बघायची असेल तर मात्र फेस्ताचा दिवस टाळा, गर्दीत मान वर करायलाही जागा नसते. नोव्हेंबरातल्या एखाद्या रविवारी मिसेला जा.