हार्जेदेफच्या एका ओळीचा माग

प्राचीन इजिप्तमधल्या सगळ्या उपदेशग्रंथांचा (बापाने मुलाला शहाणपण सांगावं तशा ग्रंथांचा) एकत्र तक्ता करायचा नाद सोडला. या खेपेला एकच ओळ धरून बसलो, आणि गंमत म्हणजे काम पुढे सरकलं.

ओळ हार्जेदेफची. हा गिझाचा मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या खुफू राजाचा मुलगा. गिझाला बापाच्या पिरॅमिडच्या पूर्वेला याची कबर आहे. त्याच्या नावावरचा उपदेश आज तुकड्यातुकड्यांतच मिळतो, तोही बराचसा हजाराहून जास्त वर्षांनंतर, रामेसिस नावाच्या राजांच्या काळात चुनखडीच्या कपच्यांवर उतरवलेला. त्यात तो मुलाला बजावतो : स्मशानातलं घर नीट बांध, पश्चिमेची (म्हणजे मृतांच्या प्रदेशातली) जागा चांगली कर.

मेरिकारे या राजाला केलेल्या दुसऱ्या एका उपदेशात हीच ओळ भेटते. कुणाची, ते सांगितलेलंच नाही. कीर्तनात तुकोबांचा एखादा चरण नाव न घेता ओघात येऊन जातो, तशी. मात्र इथे तिला शेपूट जोडलंय : सरळ वागून, मआत (सत्य, न्याय) आचरून. म्हणजे कबर दगडाची राहिलीच नाही, वर्तनाची झाली! दोन्ही ओळी चित्रलिपीत एकाखाली एक लिहून काढल्या, तेव्हा हा जोड डोळ्यांत भरला. नुसती भाषांतरं चाळताना तो कधीच जाणवला नव्हता.

मग हॅरिस ५०० या पपायरसमधलं (पपायरस म्हणजे लव्हाळ्याच्या कागदाची गुंडाळी) वीणावादकाचं गाणं काढलं. तिथे हार्जेदेफ आणि त्याच्यासारखाच जुना नावाजलेला ज्ञानी इम्होतेप, यांची थेट नावं घेऊन टोला आहे : इम्होतेप आणि हार्जेदेफ यांची वचनं मी ऐकलीत, पण त्यांच्या जागा कुठायत? भिंती ढासळल्या, जणू कधी नव्हत्याच. तेव्हा मौज करा. याच गाण्याची एक प्रत साक्कारा या दफनभूमीतल्या पाआतेनेमहेब नावाच्या माणसाच्या कबरीत कोरलेली होती, ती आता लायडनच्या संग्रहालयात आहे. कबरीच्या भिंतीवर कबरींचीच टिंगल. हे मला अजून पुरतं पचलेलं नाही.

चेस्टर बीटी ४ या पपायरसमध्ये उत्तर सापडतं. भिंती पडल्या हे तिथेही कबूल आहे, पण बांधलेल्या घरापेक्षा, पश्चिमेतल्या कबरीपेक्षा ग्रंथ बरा, असं लेखनिक ठणकावतो आणि विचारतो : हार्जेदेफसारखा इथे कुणी आहे का? घर बांधायला सांगणाऱ्यालाच साक्षीला उभं केलंय. माझ्या मते अख्ख्या साखळीतली ही सर्वांत हुशार खेळी.

चेस्टर बीटी ४ मध्ये अशा जुन्या लेखकांची नावंच मोजलीत, त्यात खाखेपेररेसेनेबही आहे. पूर्वजांनी न वापरलेले शब्द मला मिळावेत, असं साकडं घालणारा तो. ब्रिटिश म्युझियममध्ये त्याच्या मजकुराची लेखनपाटी आहे. आता ती उतरवायला घेतोय. अनी नावाच्या लेखनिकाच्या उपदेशातली कबरीची ओळ त्यानंतर.