हिरडीतून रक्त आलं म्हणून ब्रश सोडू नका

थुंकी लाल दिसली की बहुतेक घरांत ब्रश बाजूला पडतो आणि चार दिवस बोटाने पेस्ट लावणं सुरू होतं. करायला हवं ते नेमकं उलट.

तोंडात जिवाणूंच्या सातशेच्या आसपास जाती सापडल्या आहेत आणि बहुतेक निरुपद्रवी आहेत. त्रास होतो तो ते दातावर थर करून बसले की. खालच्या पुढच्या दाताच्या मुळाशी नख हलकेच फिरवून बघा. पांढरट, मऊ, लोण्यासारखं काही निघालं तर तोच थर. बोटाला वास येतो, तोंडाला येतो तोच. हा थर हिरडीच्या कडेला राहिला की शरीर तिकडे जास्त रक्त पाठवतं, हिरडी सुजते आणि धक्का लागला की रक्त येतं. 1965 साली डेन्मार्कमध्ये धडधाकट हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं होतं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं सुरू केल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या.

खान्देशात यात मिश्रीची भर आहे. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू दातांना चोळली की निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, मग रक्त कमी येतं. बाई म्हणते, "मिश्रीनं हिरड्या घट्ट झाल्या." झालं इतकंच की धोक्याची खूण पुसली गेली, आत हाड झिजतच राहतं आणि एक दिवस दात हलायला लागतो. तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच.

ब्रश मऊ दात्यांचा घ्या. दाते हिरडीकडे तिरपे, साधारण 45 अंशांत टेकवा आणि जागच्या जागी छोटे हेलकावे द्या. आडवं करवतीसारखं घासलं तर मुळाशी खाचा पडतात आणि गार पाणी झोंबतं. दोन मिनिटं, दिवसातून दोनदा, त्यात रात्रीचं चुकवू नका, कारण झोपेत लाळ फार कमी सुटते. पेस्ट फ्लोराइडची, 1000 ते 1500 पीपीएम (नळीवर छापलेलं असतं), तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी, त्याहून लहानांना तांदळाच्या दाण्याएवढी. नंतर फक्त थुंका, खळखळून चूळ भरू नका, नाहीतर फ्लोराइड धुऊन जातं. दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही, तिथे दातांसाठीचा धागा (फ्लॉस) किंवा फटीतला छोटा ब्रशच लागतो.

कीड मात्र वेगळ्या हिशेबाने लागते. साखर मिळाली की जिवाणू आम्ल करतात, पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 5.5 च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळू लागतं आणि लाळेला ते सावरायला अर्धा तास तरी लागतो. म्हणून एकदाच खाल्लेल्या जिलेबीपेक्षा टपरीवरचे दिवसभरातले सहा गोड चहा वाईट. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 ला टेकतो, केळीच्या बागेत राबणाऱ्याचं तोंड कोरडं पडतं आणि लाळेचं हे कामच मंदावतं. अशा वेळी चहापेक्षा साधं पाणी बरं.

थर वेळेत निघाला नाही तर लाळेतल्या चुन्याने दगडासारखा होतो. तो ब्रशने निघत नाही, मिठाच्या गुळण्यांनीही नाही. स्केलिंगच, म्हणजे दंतवैद्याकडून तो खरवडून काढणं, करावं लागतं. "स्केलिंगनं दात खिळखिळे झाले, फटी पडल्या" ही तक्रार नेहमीची. फटी आधीच होत्या, दगडाने बुजल्या होत्या.

मधुमेह्यांनी हिरड्या जास्तच जपाव्या. साखर वाढलेली असली की हिरडीचा आजार बळावतो, आणि हिरडी सुजलेली राहिली की साखर आटोक्यात येणं अवघड होतं. हृदयाची झडप बदललेली असेल तर दात काढण्याआधी किंवा स्केलिंगआधी डॉक्टरांना आवर्जून सांगा. रक्तात गेलेले जिवाणू त्या झडपेवर घर करू शकतात, म्हणून आधी अँटिबायोटिकचा एक डोस देतात.

नीट घासूनही दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही, पू दिसला किंवा दात हलू लागला, तर घरगुती उपाय सोडून दंतवैद्याकडे जा.