पिवळ्या झालेल्या तीन सेल

भोसरीच्या कारखान्यात मी १४० कामगारांचं पगारपत्रक करते. एक्सेलची शीट जुन्या सरांनी बांधलेली, आणि निवृत्त होताना पासवर्डची चिठ्ठी माझ्या हातात देऊन ते गेले. बाकी सगळं त्यांच्या डोक्यात!

फेब्रुवारीत प्रोफेशनल टॅक्स २०० ऐवजी ३०० कापायचा असतो, वर्षाचे २,५०० भरावेत म्हणून. फॉर्म्युला ते आपोआप करतो. तरी यंदा बेरीज जुळेना. शीट तर प्रोटेक्ट केलेली, मग हात लावला कुणी?

एक्सेलमध्ये प्रत्येक सेल, म्हणजे चौकट, मुळातच लॉक असते, पण शीट प्रोटेक्ट केल्याशिवाय त्या लॉकला अर्थ नाही. आणि एखाद्या सेलचं लॉक काढलेलं असेल तर नुसतं बघून कळत नाही. म्हणून मी प्रोटेक्शन काढलं आणि कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये, म्हणजे अट जुळली की सेल आपोआप रंगवणाऱ्या सोयीत, CELL नावाचं फंक्शन घातलं. त्यात ‘प्रोटेक्ट’ विचारलं की लॉक असेल तर १ येतो, नसेल तर ०. शून्य आलं की पिवळा रंग. टॅक्सच्या अख्ख्या रकान्यात तीनच सेल पिवळ्या झाल्या. खरं सांगते, स्वतःवरच खूश झाले.

दोन ओळी नव्या पोरांच्या, दुसऱ्या फाइलमधून चिकटवलेल्या, हाताने २०० टाकलेले. तिसरीत शून्य. तिन्हींवर फॉर्म्युला ओढला, लॉक केलं, पासवर्ड घातला.

पगारानंतर तिसऱ्या ओळीतले काका पावती घेऊन आले. "मॅडम, माझा हा टॅक्स कापत नाहीत ना?" मुलगा मतिमंद आहे, म्हणाले. अशा पालकांना हा कर माफ आहे, कायद्यानेच. सर्टिफिकेट त्यांच्या फाइलमध्ये होतं. मी फाइल उघडलीच नव्हती, रंग बघितला होता.

तीनशे रुपये मार्चच्या पगारात वळते केले. सरांना फोन केला तर म्हणाले, "मला माहीत होतं की ते." हे आमच्याकडचं रेकॉर्ड!

आता ती सेल लॉक आहे, शून्यासकट. तिला कॉमेंट जोडायला गेले आणि थांबले. ही शीट सुपरवायझरपासून ऑडिटरपर्यंत सगळे उघडतात. काकांच्या घरातली गोष्ट तिथे कशाला? शेवटी ‘सूट, फाइल बघा’ एवढंच लिहिलं. सरांनी काहीच लिहिलं नव्हतं ते आळसाने की याच कारणाने, ते विचारायचं राहून गेलं.