सलग अठरा वेळा हरलेला प्रतिस्पर्धी

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर मोठा फुटबॉल सामना असला की दुपारपासूनच पेठेतली घरे रिकामी होऊ लागतात. संघाला तालमीचे नाव असते, अंगावर तालमीचा रंग असतो, आणि कोणाशी ईर्षेने खेळायचे हे मुलाला चेंडू नीट मारता येण्याआधीच घरातल्या बोलण्यातून कळलेले असते. अशा गावात वाढल्यामुळे असेल, पण बर्फाचे मैदान कधी डोळ्यांनी न पाहताही कॅनडातला मॉन्ट्रियल कॅनेडियन्स आणि अमेरिकेतला बॉस्टन ब्रुइन्स या आइस हॉकीच्या दोन संघांमधले वैर मला परके वाटले नाही. नोकरीनिमित्त बॉस्टनला राहणाऱ्या माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, एप्रिल २०११ मध्ये मला या वैराची ओळख करून दिली. तेव्हापासून त्याचा इतिहास मी जमेल तसा वाचत आलो आहे.

या इतिहासाचा हिशेब प्रथमदर्शनी फार एकतर्फी आहे. १९२९ ते २०१४ या काळात हे दोन संघ एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, ३४ वेळा समोरासमोर आले आणि त्यांपैकी २५ मालिका मॉन्ट्रियलने जिंकल्या. थेट अंतिम फेरीत त्यांची गाठ सात वेळा पडली आणि सातही वेळा स्टॅनले कप हा विजेतेपदाचा चषक मॉन्ट्रियलकडे गेला. १९४६ ते १९८७ या काळात तर बॉस्टन लागोपाठ १८ मालिका हरले. हे वाचून कोणीही विचारील की, ज्यात एकच बाजू जिंकते त्याला वैर का म्हणायचे? माझे मत नेमके उलटे आहे. जिंकणाऱ्याला प्रतिस्पर्धी बदलता येतो आणि मॉन्ट्रियलला टोरांटो, डेट्रॉइट, क्यूबेक असे इतरही होते. हरणाऱ्याला मात्र ज्याच्याकडून हरलो त्याचे नाव विसरता येत नाही. हे वैर खऱ्या अर्थाने बॉस्टनने सांभाळले.

त्याची पहिली मोठी जखम १९३० ची आहे. त्या हंगामात बॉस्टनने ४४ पैकी ३८ सामने जिंकले होते आणि फक्त पाच गमावले होते. हंगामभर हा संघ लागोपाठ दोन सामने हरला नव्हता. त्या वर्षी अंतिम फेरी तीन सामन्यांची होती आणि मॉन्ट्रियलने पहिले दोन्ही सामने जिंकून ती संपवली.

१९५२ च्या उपांत्य फेरीतल्या सातव्या सामन्यातून जन्मलेले एक छायाचित्र आजही या खेळातल्या सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रांपैकी एक आहे. मॉन्ट्रियलचा मॉरिस रिशार बॉस्टनच्या लिओ लाबीनशी झालेल्या जोरदार धडकेत बेशुद्ध पडला. कपाळाला पट्टी बांधून तो परत आला आणि १-१ अशी बरोबरी असताना, शेवटची काही मिनिटे उरली असताना, त्यानेच निर्णायक गोल केला. सामना संपल्यावर रक्ताळलेल्या चेहऱ्याचा रिशार आणि त्याच्यासमोर जणू लवून हात मिळवणारा बॉस्टनचा गोलरक्षक जिम हेन्री, ज्याचा स्वतःचा डोळाही काळानिळा झालेला आहे, असे ते चित्र आहे. आइस हॉकीत प्लेऑफची मालिका संपली की दोन्ही संघ रांगेत उभे राहून एकमेकांशी हात मिळवतात. आपल्याकडे मैदानात कुस्तीच्या आधी सलामी होते, तिकडे ती लढत संपल्यावर होते, एवढाच मला फरक दिसतो.

हाच रिशार १३ मार्च १९५५ रोजी बॉस्टनच्या मैदानावर त्यांच्या हॅल लेको याच्याशी भांडताना मधे पडलेल्या लाइन्समनला, म्हणजे साहाय्यक पंचाला, मारून बसला. लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांनी त्याला उरलेल्या हंगामासह संपूर्ण प्लेऑफमधून बाद केले आणि १७ मार्चला मॉन्ट्रियलच्या रस्त्यांवर दंगल उसळली. रिशार फ्रेंच भाषक होता, आणि फ्रेंच भाषकांच्या मनात इंग्रजी भाषक मालक आणि अधिकारी यांच्याविषयी साचलेला राग त्या रात्री बाहेर पडला, असे इतिहासकार मानतात. बॉस्टनच्या बाजूने पाहिले तर याहून कडू गोष्ट पुढे घडली. त्याच महिन्यात याच दोन संघांची उपांत्य फेरीत गाठ पडली आणि रिशार नसतानाही मॉन्ट्रियलने ती मालिका ४-१ अशी जिंकली.

१९७१ चा पराभव तर बुद्धीला पटत नाही. बॉस्टनच्या फिल एस्पोझिटोने त्या हंगामात ७६ गोल केले होते, बॉबी ऑर भर बहरात होता आणि बॉस्टन गतविजेते होते. मॉन्ट्रियलने मात्र लीगचे केवळ सहा सामने खेळलेल्या केन ड्रायडनला गोलात उभे केले. हा उंच मुलगा मॅकगिल विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेत होता. दुसऱ्या सामन्यात बॉस्टन ५-१ असे पुढे असूनही ७-५ असे हरले आणि मालिका सात सामन्यांत गमावून बसले. ज्या गोलरक्षकाने हे केले त्याला १९६४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू आळीपाळीने निवडण्याच्या प्रक्रियेत, बॉस्टननेच निवडले होते आणि नंतर मॉन्ट्रियलला देऊन टाकले होते. ही गोष्ट दादाने मला फोनवर सांगितली तेव्हा मला बराच वेळ बोलता आले नाही.

तरीही बॉस्टनच्या जुन्या माणसाला एकच तारीख विचारली, तर तो १० मे १९७९ सांगतो. या सामन्यातली चूक समजण्यासाठी खेळाची एक रीत माहीत हवी. मैदानावर गोलरक्षकासह एका संघाचे सहाच खेळाडू असतात, पण चाळीस-पन्नास सेकंदांत दमछाक होत असल्यामुळे खेळ चालू असतानाच एक तुकडी बेंचवर येते आणि दुसरी उतरते. उतरणाऱ्याने घाई केली आणि माणसे जास्त झाली, तर संघाला दोन मिनिटे एक खेळाडू कमी घेऊन खेळावे लागते. उपांत्य फेरीचा हा सातवा सामना मॉन्ट्रियलच्या फोरममध्ये होता. रिक मिडलटनने चार मिनिटांहून थोडा कमी वेळ उरला असताना बॉस्टनला ४-३ अशी आघाडी मिळवून दिली होती. मागची दोन्ही वर्षे अंतिम फेरीत याच संघाकडून हरलेले बॉस्टन आता विजयापासून काही श्वासांवर होते. तेवढ्यात त्यांचा एक खेळाडू जास्त असल्याचे पंचांच्या लक्षात आले. अडीच मिनिटे उरली असताना शिक्षा झाली, एक मिनिट चौदा सेकंद उरले असताना मॉन्ट्रियलच्या गी लाफ्लरने उजव्या बाजूने येत पक, म्हणजे या खेळातली चेंडूच्या जागची चकती, जाळ्यात घातला, आणि ओव्हरटाइममध्ये, म्हणजे जादा वेळेत, इव्हॉन लाम्बेरने बॉस्टनचा हंगाम संपवला. प्रशिक्षक डॉन चेरी यांनी दोष स्वतःवर घेतला. त्या हंगामानंतर ते बॉस्टनच्या बेंचमागे पुन्हा दिसले नाहीत.

मला या सामन्यात बॉस्टनचा गोलरक्षक जील जिल्बेर याचे फार वाईट वाटते. पन्नासाहून जास्त फटके त्याच्यावर आले, त्याने अशक्य वाटणारे कितीतरी अडवले, आणि त्याच्या हातात नसलेल्या एका मोजणीच्या चुकीने सगळे गेले.

त्या दिवशी बॉस्टनकडून खेळलेला टेरी ओरायली १९८८ मध्ये त्याच संघाचा प्रशिक्षक होता. त्या वर्षीच्या मॉन्ट्रियलविरुद्धच्या मालिकेत पहिला सामना हरल्यावर बॉस्टनने पुढचे चारही जिंकले आणि शेवटचा तर फोरममध्येच जिंकला. १९४३ नंतर प्रथमच, ४५ वर्षांनी, मॉन्ट्रियल त्यांच्याकडून हरले होते. पुढे अंतिम फेरीत एडमंटनने बॉस्टनला सहज हरवले, पण त्या वर्षाची आठवण काढताना बॉस्टनची माणसे एडमंटनचे नाव क्वचितच घेतात, असे दादा सांगतो. आमच्या पेठेतही करंडक कोणी नेला हे विसरले जाते आणि पलीकडच्या पेठेला कोणत्या वर्षी हरवले ते मात्र महिन्यासह लक्षात राहते, त्यामुळे मला याचे आश्चर्य वाटले नाही.

मी स्वतः अनुभवलेली पहिली मालिका २०११ ची. बॉस्टनने घरचे पहिले दोन सामने गमावले आणि तरीही मालिका सातव्या सामन्यापर्यंत नेली. आपल्याकडची सकाळ होती. दोन मिनिटांहून कमी वेळ उरला असताना पी. के. सुबानने मॉन्ट्रियलला बरोबरी साधून दिली, तेव्हा फोनवर दादा फक्त ‘एकोणऐंशी’ एवढेच म्हणाला आणि गप्प झाला. ओव्हरटाइममध्ये नेथन हॉर्टनने गोल केला. दादा ओरडत होता आणि आई चहा घेऊन दारात थबकली होती. त्या वर्षी बॉस्टनने १९७२ नंतरचा पहिला स्टॅनले कप जिंकला.

२०१४ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवलेले बॉस्टन पुन्हा मॉन्ट्रियलसमोर आले आणि सातवा सामना स्वतःच्या मैदानावर ३-१ असा हरले. आपल्याकडे तो १५ मे चा दिवस होता. दुसऱ्या दिवशी लोकसभेचा निकाल असल्याने घरात दुसरा विषय नव्हता. मी मात्र हात मिळवण्याची रांग पाहत होतो. त्या रांगेत बॉस्टनच्या मिलान लुचिचने मॉन्ट्रियलच्या डेल वीसला धमकावल्याचे नंतर कळले, आणि मला हेन्रीचे ते लवलेले छायाचित्र आठवून खरोखर दुःख झाले.

त्यानंतर २०२५ च्या प्लेऑफपर्यंत या दोन संघांची मालिका झालेली नाही. दादा आता कोल्हापुरात परत आला आहे. मार्च संपत आला की रात्रीच्या जेवणानंतर तो गुणतक्ता उघडतो आणि पहिल्याच फेरीत मॉन्ट्रियलशी गाठ पडायची असेल तर उरलेल्या सामन्यांत काय काय व्हावे लागेल, याचा हिशेब माझ्याकडून वहीत मांडून घेतो.