कट संपायच्या आत

रविवार, रात्री साडेनऊ

आमच्यात पैशावरून भांडण होत नाही, वेळेवरून होतं. ह्यांचं म्हणणं, कोल्हापुरात चांगलं खायला पैसा फारसा लागत नाही, पण वेळ गाठावी लागते. माझं म्हणणं, रविवारी माणसानं जरा लोळावं. आज मिसळीला जायचं म्हणून साडेसातलाच हे चपला घालून दारात उभे. "आवर की. कट संपल्यावर नुसतं फरसाण खायाचं काय?" मी "आलो, आलो" म्हणत केस बांधतच जिना उतरले.

कट म्हणजे मिसळीवरचा तिखट रस्सा. दहानंतरच्या कटात पाणी वाढवलेलं असतं, असा ह्यांचा ठाम समज आहे. मला तो काही पटत नाही, पण सकाळच्या मिसळीत काहीतरी वेगळं असतं हे खरं. मोड आलेल्या मटकीचा दाणा अजून शाबूत असतो, बटाट्याची भाजी गरम असते आणि शेवेवर कट ओतला की तिचा आवाज येतो. सोबत पाव नाही, स्लाइस ब्रेड. लेकीकडे पुण्याला गेलो की पाव समोर येतो आणि ह्यांचा चेहरा उतरतो. पाव सगळा रस्सा एकटाच पिऊन टाकतो म्हणे. आज दोनदा कट मागून घेतला. वाढणाऱ्या पोरानं न विचारता तिसऱ्यांदाही वाटी भरली, तेव्हा मात्र मी डोळे वटारले. ह्यांच्या गोळ्यांची पाकिटं मला भरावी लागतात.

तिथून सरळ स्टँडवर. पन्हाळ्याची गाडी लागलेलीच होती. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना निम्मं भाडं झालं, तेव्हापासून हे तिकीट काढताना "एक फुल, एक महिला" असं जरा जास्तच मोठ्यानं म्हणतात, जणू सवलत ह्यांनीच मंजूर करून आणली. पासष्टीला स्वतःलाही हाफ मिळणार याचा हिशेब चालू असतो तो वेगळाच. आमच्या सासूबाई मात्र या सगळ्यांच्या वरताण. पंच्याहत्तरीपुढच्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून एसटी फुकट, तेव्हापासून त्यांचं जोतिबाला जाणं इतकं वाढलं की देवालाही वाटत असेल, ही बाई परवाच येऊन गेली.

वाघबीळ आलं की गाडीतली हवा बदलते. खिडकी बंद करावी लागते आणि करूशी वाटत नाही. पन्हाळा जेमतेम वीस किलोमीटर, म्हणून कोल्हापूरची माणसं त्याला सहल समजतच नाहीत. पाहुणे आले की त्यांना दाखवून आणायचं, बास. आम्ही मात्र आता दोघंच असलो की जातो. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यात पन्हाळाही आहे. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी वर मोटारींची रांग लागलेली दिसते. एसटीनं येणाऱ्याला तिचं काय, तो उतरतो आणि चालायला लागतो.

अंबरखान्यात गेलो. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्यकोठारांची नावं. आत पाऊल टाकलं की बाहेरचं ऊन विसरायला होतं. सिद्दी जौहरच्या वेढ्यात, १६६० साली, महाराज चारेक महिने इथं अडकून होते. पावनखिंडीची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण ते महिने गडावरच्या माणसांना रोज काय वाढलं असेल, असा प्रश्न मला दर वेळी पडतो. हे म्हणाले, "बायकांना कुठंही गेलं तरी स्वयंपाकच दिसतो." मग स्वतःच म्हणाले, "चल, झुणका बघू."

तीन दरवाजाच्या बाजूला बायका टोपल्या घेऊन बसतात. आमची एक ठरलेली मावशी आहे. तिची भाकरी ज्वारीची आणि पातळ. झुणका कोरडा, खर्डा हिरव्या मिरचीचा, दही घट्ट, वर बुक्कीनं फोडलेला कांदा. तिचीही वेळ आहे. एक वाजायच्या आत गेलं तर घरून करून आणलेल्या भाकरी मऊ असतात, उशीर झाला की वाऱ्यानं कडा वातड होतात. आज साडेबाराला पोचलो. दगडावर बसून जेवलो, बोटं खर्ड्यानं चुरचुरत होती. शेजारी एक तरुण जोडपं फोटो काढण्यात इतकं रमलं होतं की त्यांच्या ताटातलं दही माकडानं पळवलं. हे हसून हसून खोकायला लागले. मग आमच्यातली अर्धी वाटी मी त्यांना दिली. ह्यांनी ती का दिली म्हणून परतीच्या वाटेवर वाघबीळपर्यंत तोंड फुगवलं.

मी मूळची रत्नागिरीची. लग्नानंतर पहिल्यांदा हे मला गंगावेशीत दूध प्यायला घेऊन गेले, तेव्हा मी हबकले होते. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या, समोर धार काढायची आणि तोच फेसाळ पेला हातात द्यायचा. न तापवलेलं! आमच्याकडं कुणी ऐकलं असतं तर मला परत घेऊन गेले असते. लेक आता कच्च्या दुधाच्या धोक्यांवरचे लेख पाठवते आणि तिचं चुकतंय असंही नाही. मी घरी आणूनच तापवते. हे मात्र तिथंच उभ्यानं पितात, मिशीला फेस लावून, आणि ओळखीचं कुणी भेटलं की आणखी एक सांगतात. आजही येताना थांबलोच. धार संध्याकाळच्या ठरल्या वेळेलाच निघते. म्हैस काय आपल्यासाठी थांबते?

गेल्या रविवारी गुऱ्हाळावर गेलो होतो, ते लिहायचं राहिलं होतं. वडणग्याच्या बाजूला ह्यांच्या मित्राच्या चुलत्यांचं आहे. तिथं मात्र आपली घाई चालत नाही. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, रस आटत असतो, चुलवाणात चिपाडं ढकलत असतात, गूळ करणारा गुळव्या भेंडीचं पाणी टाकून मळी वर काढतो आणि आपण खाटेवर बसून रस पीत राहायचं. मध्येच तो थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो. त्या क्षणी सगळे गप्प होतात, हेसुद्धा! त्याच्या जरा आधी काकवी, म्हणजे गुळाआधीचा पातळ पाक, काढून घेतात, म्हणून आपली बरणी हाताशी हवी. मग काहील उतरली, गूळ वाफ्यात ओतला. कडेला राहिलेला गरम गूळ शेंगदाण्यांवर पसरून पानावर दिला. जीभ भाजली तरी थांबवत नाही. त्याचे पैसे कुणी घेत नाही, द्यायला गेलो तर राग येतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण चुलते सांगत होते की ऊस कारखान्याला घालणं सोपं पडतं आणि गुळव्ये मिळत नाहीत. त्यांच्या आजूबाजूची काही गुऱ्हाळं बंद झालीत. पुढच्या हंगामाचं विचारलं तर म्हणाले, "बघू."

खासबागेकडं हल्ली कमी जाणं होतं. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं कुस्तीचं मैदान, बाजूला खाऊगल्ली आणि शेजारी केशवराव भोसले नाट्यगृह. आधी भेळ आणि मग मागच्या रांगेतलं स्वस्त तिकीट काढून नाटक, हे आमचं तरुणपणीचं ठरलेलं. २०२४ च्या ऑगस्टात नाट्यगृह जळालं, त्यानंतर त्या रस्त्यानं जाताना ह्यांना बोलायला काहीतरी दुसराच विषय सापडतो. भेळ आता रंकाळ्यावर खातो.

आजचा खर्च दोघांचा मिळून चारशेच्या आत. दूध घरी आणलं ते यात धरलेलं नाही, ते घरखर्चात.

महिनाअखेरीला किरणोत्सव. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी अंबाबाईच्या पायाशी, मग वर वर सरकत चेहऱ्यापर्यंत. आकाश निरभ्र असलं तरच, आणि तेही काही मिनिटंच. ह्यांचं म्हणणं, दुपारी तीनलाच रांगेत उभं राहायचं. मी म्हटलं, मला ऑफिसातून अर्धी रजा टाकावी लागेल. म्हणाले, "टाक की, फुकट तर आहे." माझी रजा फुकट कशी, हे यांना उद्या सकाळी समजावते. आत्ता घोरतायत.