हप्ता गुंतवणुकीतूनच भरायचा होता

समोर बसलेल्या गृहस्थांचं गणित वरवर बिनतोड होतं. घरकर्जाचं मुद्दल २० लाख बाकी, व्याज ६ टक्के, मुदत १० वर्षं, महिन्याचा हप्ता २२,२०४. निवृत्तीनंतर नेमके २० लाख हातात आलेले. "सहा टक्क्यांचं कर्ज फेडून काय हशील? म्युच्युअल फंडात कर आणि शुल्क जाऊन ९ टक्के सुटले तरी मी फायद्यातच," असं त्यांचं म्हणणं.

एक्सेलमध्ये आकडे घातले. दर महिन्याला सारखा परतावा, वर्षाला ९ टक्के, त्यातूनच हप्ता. १२० हप्ते फिटून ६ लाखांच्या आसपास उरत होते. ते खूश झाले. तेवढ्यात त्यांच्या पत्नीने विचारलं, "पण आता यांचा पगार नाही. पडत्या बाजारातही हप्ता फंडातूनच काढायचा का?"

खरा प्रश्न हाच होता. मी शेजारी दुसरा रकाना उघडला. पहिल्या वर्षी ३० टक्के घसरण, पुढची नऊ वर्षं न चुकता ९ टक्के. वर्षअखेर फंडात ११ लाख ७३ हजार, आणि कर्जाची बाकी मात्र १८ लाख ४९ हजार. पुढे ८०व्या हप्त्याला पैसे पुरले नाहीत. तिसऱ्या रकान्यात क्रम उलटवला: आधी नऊ वर्षं ९ टक्के, घसरण शेवटच्या वर्षी. सगळे हप्ते फिटून ३ लाख ३८ हजार उरले. दोन्ही रकान्यांत दहा वर्षांचे परतावे तेच होते, सरासरीही तीच. फरक फक्त घसरण कधी आली याचा.

याचं कारण युनिटांच्या, म्हणजे फंडातल्या आपल्या हिश्श्यांच्या, संख्येत आहे. हप्ता ठरलेला असतो, त्यामुळे भाव पडला की तेवढ्याच रकमेसाठी जास्त युनिटं विकावी लागतात. नंतर बाजार सावरतो, पण विकून टाकलेली युनिटं ती वाढ घ्यायला शिल्लक नसतात. हप्ता पगारातून जात असता तर घसरणीत नुसतं थांबून राहता आलं असतं. म्हणून पस्तिशीतल्या, नोकरी पक्की आणि व्याजदर ठरीव असलेल्या माणसाला असं कर्ज लवकर फेडाच, असा आग्रह मी धरत नाही.

त्यांचा करार पाहिला तर दर फ्लोटिंग, म्हणजे बदलता. आजच ८ टक्के झाला तर त्याच मुदतीला हप्ता २४,२६६ होतो. सहा टक्के हा आकडा त्यांनी कायमचा धरला होता. शिवाय कर्जफेडीने वाचणारं व्याज खात्रीचं असतं. त्याची तुलना फंडाच्या अपेक्षित परताव्याशी करणं मला मान्य नाही. ती सुरक्षित ठेवीच्या करोत्तर व्याजाशी करावी. ठेवच सहाच्या वर देत असेल तर कर्ज खुशाल चालू ठेवावं.

ठरलं ते असं: १५ लाख मुद्दलात भरायचे, ५ लाख हाताशी ठेवायचे. अशा वेळी हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा, असं बहुतेक जण सांगतात आणि व्याज त्यातच जास्त वाचतं. इथे पगार बंद होता, म्हणून मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून घेतला: ५,५५१. दोन वर्षांचे हप्ते, म्हणजे १ लाख ३३ हजार, ठेवीत. उरलेले फंडात. फंड पडला तर दोन वर्षं त्याला हात लावायची गरज नाही.

भरणा करण्याआधी मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क किती ते लेखी विचारलं. अर्जात दोन ओळी स्पष्ट लिहून घेतल्या: 'रक्कम मुद्दलात जमा करावी' आणि 'मुदत न बदलता हप्ता कमी करावा'. तरीही पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट आलं तेव्हा व्याजाच्या रकान्यात १०,००० होते. २० लाखांवर ६ टक्क्यांनी महिन्याचं व्याज तेवढंच होतं. १५ लाख आगाऊ हप्ते म्हणून पडून होते, मुद्दल जागचं हललं नव्हतं. खात्यात पैसे दिसत होते, म्हणून घरी कुणाला शंका आली नव्हती. शंका येत नाही म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं राहू शकते.

अर्जाची पोच जोडून भरण्याच्या तारखेपासून दुरुस्ती मागितली. सुधारित स्टेटमेंट घेऊन ते दोघं पुन्हा आले. पत्नीने बोट ठेवून वाचलं: व्याज २,५००, मुद्दल ३,०५१.